नदीला उतार कोठे आहे? जालना ते भोकरदन, एका दिवसाचा प्रवास

१/
नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे वसलेली दिसली, तर त्यावरून आपण काय ओळखाल? २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी, आजच्या जालना जिल्ह्यातील केळणा नदीच्या काठी, चौतीस वर्षांच्या एका इंग्रज सेनापतीने या साध्या दृश्यावरून एक अनुमान काढले. त्या अनुमानावर त्याने सारी फौज पणाला लावली आणि सूर्यास्तापर्यंत दख्खनच्या राजकारणाचा तोल बदलला. हा धागा असईच्या त्या लढाईचा आहे. त्याचबरोबर तो जालना ते भोकरदन या एका दिवसाच्या प्रवासाचा आणि वाटेत भेटणाऱ्या पाण्याचाही आहे.

२/
मित्रहो, हा प्रवास सप्टेंबरातच करावा. लढाईच्या दिवसांतले पाणी, चिखल आणि उभी पिके तेव्हाच पाहायला मिळतात. सकाळी जालन्यातून निघण्यापूर्वी कुंडलिका नदीच्या पुलावर थोडे थांबावे. एका काठाला जालना, समोरच्या काठाला कादराबाद. आज ही दोन्ही नावे एकाच शहरात मुरून गेली आहेत. पण मुळात ही समोरासमोरची दोन वस्तीस्थाने होती. मध्ये नदी आणि नदीतून रोजची ये-जा. ही जोडी ध्यानात ठेवावी, दुपारी तिचा उपयोग होणार आहे.

३/
तेथून मोती तलावाकडे जावे. औरंगजेबाच्या काळात जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानाने हा तलाव बांधविला. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातील हौदांपर्यंत खेळविलेले होते. काळी मशीद, सराई आणि हमामखाना ही कामेही त्याच्याच नावावर सांगितली जातात. सराई आणि हमामखाना कोणासाठी असतात? दुरून आलेल्या प्रवाशांसाठी, व्यापाऱ्यांसाठी. म्हणजे जालना हे वाटेवरचे शहर होते, आणि वाटेवरच्या शहराला पहिली गरज पाण्याची असते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अशा पेठेतच जन्माला येते.

४/
सोन्याचा पाळणा म्हटला की त्याकडे सर्वांचे डोळे लागतात. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील ही समृद्ध पेठ लुटली. परतीच्या वाटेवर संगमनेरच्या परिसरात मोगली फौजेने त्यांना गाठले. सिधोजी निंबाळकर तेथे पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले, म्हणून त्या किल्ल्याचे नाव विश्रामगड झाले. येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. महाराजांना वाचविणारे ज्ञान वाटेचे होते. कोणती खिंड कोठे उघडते, हे ठाऊक असलेला माणूस त्यांच्याजवळ होता.

५/
आता १८०३ कडे येऊ. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्धाला तोंड फुटले. आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तो गोदावरी ओलांडून उत्तरेस आला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबरला जालना ताब्यात घेतले.

६/
पण शिंदे-भोसल्यांची फौज हाती लागत नव्हती. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूर येथे भेटले. दोघांनी दोन वाटांनी उत्तरेकडे जावे आणि २४ तारखेला भोकरदनच्या बाजूस एकत्र येऊन हल्ला करावा, असे ठरले. स्टीव्हन्सनने पश्चिमेची वाट घेतली, वेलस्लीने जालन्याकडून जाणारी पूर्वेची. आपणही उत्तरेस निघू. वाटेत राजूरच्या गणपतीचे दर्शन होते. राजूर सोडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, मका, सोयाबीन. काळ्या मातीत पावसाळ्याच्या अखेरीस चाक रुतते, ही गोष्ट तोफांचे गाडे ओढणाऱ्या बैलांच्या बाजूने विचार करून पाहावी.

७/
२३ सप्टेंबरच्या सकाळी वेलस्लीची फौज सुमारे २२ किलोमीटर चालून नळणी येथे पोहोचली. इंग्रजी कागदांत हे नाव ‘नौलनिया’ असे उमटले आहे. तेथे मुक्काम पडणार होता. इतक्यात बातमी आली की मराठी फौज भोकरदनला नसून अवघ्या काही कोसांवर, केळणेच्या पलीकडे आहे. स्टीव्हन्सन दूर होता. थांबले तर शत्रू निसटेल, मागे वळले तर तो पाठीवर येईल. वेलस्लीने त्याच दिवशी लढण्याचा निर्णय घेतला.

८/
केळणेच्या दक्षिण काठी येऊन त्याने दुर्बीण लावली, तेव्हा पलीकडे कोसभर पसरलेला तळ दिसला. त्यात शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या, बेगम समरूच्या पलटणी होत्या आणि भोसल्यांचे घोडदळ होते. कवायती पायदळ दहा हजारांवर, तोफा शंभरच्या आसपास, शिवाय कित्येक हजार स्वार. वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढण्यास सुमारे साडेचार हजार माणसे होती. त्यांखेरीज म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार. होय, पेशव्यांचे. वसईच्या तहानंतर पुण्याची निशाणे शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध उभी होती. ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ हे समीकरण असईच्या मैदानावर इतके सरळ नव्हते.

९/
समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. म्हणून पूर्वेकडे सरकून शत्रूच्या डाव्या बगलेवर उतरावे, असा वेलस्लीचा विचार होता. त्यासाठी नदीला उतार हवा होता. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात हा शब्द सतत भेटतो. नदीला उतार आहे की नाही, यावर मोहिमा ठरत. वेलस्लीने सोबतच्या वाटाड्यांना विचारले. खालच्या अंगाला उतार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले.

१०/
आणि मग त्याला ती दोन गावे दिसली. अलीकडच्या काठी पिंपळगाव, त्याच्या समोर पलीकडच्या काठी वरूड. नदी मध्ये असूनही माणसे इतक्या जवळ समोरासमोर घरे बांधून राहतात, तर त्यांची एकमेकांकडे ये-जा असलीच पाहिजे. आणि ये-जा असेल तर उतारही असला पाहिजे. तर्क एवढाच होता. पाहणी केली, उतार निघाला. पुढे म्हातारपणी, रणांगणावर आपण केलेली सर्वांत उत्तम गोष्ट कोणती, या प्रश्नाला त्याने ‘असई’ असे उत्तर दिल्याचे सांगतात. वॉटर्लू जिंकलेल्या माणसाचे हे उत्तर आहे.

११/
बहुतेक ग्रंथ येथे वेलस्लीच्या बुद्धीचे कौतुक करून पुढे जातात. आपण क्षणभर त्या वाटाड्यांपाशी थांबू. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांना खरोखरच उतार ठाऊक नव्हता काय? ते दुसऱ्या भागातले असतील तर तसे असू शकते. की ठाऊक असून त्यांनी तो सांगितला नाही? परकी फौज आपल्या नदीतून पलीकडे जाऊ नये, असे कोणास वाटले असेल तर नवल नाही. लढाई गावावर आली तर उभे पीक, गुरे आणि घरदार यांचे काय होते, हे त्यांनी आदल्याच वर्षीच्या धामधुमीत पाहिले असणार.

१२/
याचा निकाल कागद देत नाहीत. परंतु प्रश्न विचारणे आवश्यक आहे, कारण असईची कथा आपल्यापर्यंत मुख्यतः इंग्रजी पत्रांतून, खलित्यांतून आणि आठवणींतून आली आहे. तिच्यात वाटाडे हे ‘चुकीची माहिती देणारे लोक’ म्हणून येतात आणि लगेच नाहीसे होतात. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर त्या दुपारी इंग्रजांविरुद्धचा पहिला अडथळा कदाचित त्या न सांगितलेल्या उताराचाच होता. सिद्ध करता येत नाही म्हणून हे विधान मी शक्यता म्हणूनच मांडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शक्यता आणि पुरावा यांची गल्लत करू नये. पण पुरावा नाही म्हणून माणसे नव्हतीच, असेही समजू नये.

१३/
आज केळणेच्या काठावर उभे राहिले की पहिला धक्का नदीच्या आकाराचा बसतो. डोळ्यांसमोर महानदी असते आणि प्रत्यक्षात दिसतो तो उंच, खचलेल्या मातीच्या काठांमधला बेताचा प्रवाह. वर्षातील बराच काळ तो कोरडाच असतो. तेव्हा या काठांचेच महत्त्व होते. पाणी गुडघाभर असले, तरी तोफेचा गाडा उभ्या कड्यावरून खाली उतरत नाही. ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या उतरून काठ झिजला आहे, तेथूनच तोफ जाते. उतार ही निसर्गाने दिलेली आणि गावकऱ्यांच्या पावलांनी घडविलेली वाट असते.

१४/
शोधणाऱ्यांसाठी एक सूचना. पिंपळगाव नावाची गावे आपल्याकडे पैशाला पासरी आहेत आणि वरूडेही कमी नाहीत. आपल्याला हवी आहे ती केळणेच्या दोन काठांवरची जोडी. नकाशावर असई सापडवावी, तेथून केळणा आणि तिला पुढे मिळणारी जुई यांच्यामधली चिंचोळी जीभ पाहावी. लढाई या जिभेवर झाली. नुसते गावाचे नाव घेऊन निघालो तर भलत्याच पिंपळगावात जाऊन पोहोचू. इतिहासाच्या पुस्तकांतही असे भलते पिंपळगाव पुष्कळ भेटतात.

१५/
उतारावर मराठी फौजेचा पहारा नव्हता. ही चूक जिव्हारी लागणारी ठरली. मात्र पुढे जे घडले, ते ‘बेशिस्त मराठे’ या समजुतीला छेद देणारे आहे. शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व अँथनी पोलमन करीत होता. मूळचा हनोव्हरचा हा माणूस एकेकाळी कंपनीच्याच नोकरीत सार्जंट होता. इंग्रज बगलेवर उतरत आहेत असे दिसताच त्याने दक्षिणेकडे तोंड करून असलेली सगळी रांग काटकोनात वळवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. उजवे टोक केळणेला, डावे टोक असई गावाला. अशा हालचालीची वेलस्लीला अपेक्षा नव्हती.

१६/
दुपारी साडेतीनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. मराठी तोफखान्याने इंग्रजांच्या हलक्या तोफा लवकरच निकामी केल्या. इंग्रजांची उजवी तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या माऱ्यात शिरली. तिच्यामागून गेलेली ७४ वी स्कॉटिश पलटण जवळजवळ कापली गेली. घोडदळ वेळेवर धावले म्हणून ती वाचली. इंग्रज रांग पुढे निघून गेल्यावर तोफांशेजारी मेल्यासारखे पडलेले मराठी गोलंदाज उठले आणि तोफा वळवून पाठीमागून मारा करू लागले. त्यांना हटविण्यासाठी वेलस्लीला पुन्हा मागे फिरावे लागले. त्याचा एक घोडा गोळी लागून पडला होता, दुसऱ्याला येथे भाला लागला. बहुतेक गोलंदाज आपल्या तोफांपाशीच मारले गेले.

१७/
संध्याकाळी सहाच्या सुमारास लढाई संपली. इंग्रजांच्या ९८ तोफा हाती लागल्या. त्यांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. म्हणजे लढणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. यांत स्कॉटिश होते, तसेच मद्रासेकडचे हिंदी शिपाईही होते. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून सुमारे सहा हजार असावेत, असा अंदाज केला जातो. पहिल्या आकड्यात एकेक माणूस मोजलेला आहे, दुसरा नुसता अंदाज आहे. लढाई कोणी जिंकली, हे या दोन आकड्यांच्या जातीवरूनही कळते.

१८/
यानंतर २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. १७ डिसेंबरला भोसल्यांनी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. पण या चार महिन्यांत या गावांच्या वाट्याला काय आले? फौजांनी धान्य व चारा ओरबाडला होता, त्यात पावसाने साथ दिली नाही आणि १८०३-०४ मध्ये दख्खनात भीषण दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मेलेल्यांची गणती कोणत्याही खलित्यात नाही. असईचे नाव स्कॉटिश पलटणींच्या ध्वजावर हत्तीच्या चिन्हासह चढले. ज्यांच्या शेतातून तोफांचे गाडे गेले, ती कुटुंबे मात्र त्याच शेतात पुन्हा पेरणीला उभी राहिली.

१९/
दुपार कलली की जुईकडे वळावे. इंग्रजी नकाशांतली ‘जुआ’ ती हीच. या नदीवर दानापूरजवळ आता धरण आहे आणि भोकरदनसह आसपासच्या गावांची तहान त्यावर अवलंबून असते. भरल्या वर्षी तलावाच्या काठची गावे पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतात. कोरड्या वर्षी तळाला भेगा पडतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. नदीचे पाणी आता भिंतीमागे अडते, माणसे पुलावरून जातात. पुलाने सोय झाली यात शंका नाही. त्याबरोबर उतारांची नावे, तेथले पाणी किती, तळाला वाळू की खडक, हे सारे ज्ञान बोलण्यातून निघून चालले आहे.

२०/
सायंकाळी भोकरदन. केळणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहुत आणि सांची येथील स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. म्हणजे इसवी सनापूर्वीच येथील माणसे कित्येक योजने दूर जाऊन दान देत होती. प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, येथून अजिंठ्याच्या बाजूने उज्जयिनीकडे जाणारी व्यापारी वाट या परिसरातून जाई. नदीकाठी खडकात कोरलेले वैष्णव लेणेही येथे आहे. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले.

२१/
त्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जुळणारी मूर्ती कोठे सापडली होती? इटलीतल्या पोम्पेई शहरात, १९३८ मध्ये. इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या घरातून निघालेली ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. मराठवाड्यात तेर येथेही याच धाटणीची मूर्ती मिळाली आहे. पोम्पेईची मूर्ती नेमकी कोणत्या गावच्या कारागिराने घडविली, यावर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. पण भोगवर्धनचे हस्तिदंती काम आणि रोमन जगातील एक घर यांना जोडणारी वाट होती, एवढे निश्चित. तिचा पहिला टप्पा बैलांच्या पाठीवरून, अशाच एखाद्या नदीच्या उतारातून गेला असणार.

२२/
म्हणून या दिवसाचा धडा मला लढाईपेक्षा मोठा वाटतो. कुंडलिकेच्या दोन काठांवर जालना-कादराबाद, केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव-वरूड. व्यापारी, वारकरी, सासुरवाशिणी, गुराखी यांनी पाण्यातून वाट पाडली. सेनापतीने ती एका दुपारी वापरली आणि इतिहासात नाव त्याचे राहिले. वेलस्लीचे अनुमान अचूक होते, कारण ते सेनापतींविषयीचे नव्हते, शेजाऱ्यांविषयीचे होते.

२३/
शेवटी एक विनंती. आपल्या गावाजवळून नदी वाहत असेल, तर घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारा: पूल होण्यापूर्वी नदीला उतार कोठे होता? त्याचे नाव काय होते? पुराच्या दिवसांत पलीकडे निरोप कसा जात असे? मिळालेले उत्तर तारीख घालून वहीत लिहून ठेवा. १८०३ च्या वाटाड्यांचे म्हणणे त्यांच्या शब्दांत ऐकण्याची संधी आपण कायमची गमावली आहे. आपल्या आजोबा-आजींचे म्हणणे लिहून घेण्याची संधी अजून आहे.